आधार आणि अधिकार

गेल्या रमजानपूर्वीची गोष्ट. असरच्या नमाजनंतर आमच्या जमातीतील एक गृहस्थ आपल्या सव्वीस वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. जन्मापूर्वी, जन्मताना किंवा त्यानंतर लवकरच वाढत्या मेंदूला इजा झाल्यास स्नायूंवरील ताबा कायमचा बिघडतो. चाल, हात, कित्येकदा उच्चारही बाधित होतात. बुद्धी मात्र अनेकांची शाबूत असते. हा तरुण पदवीधर असून संगणकावर हिशेबाचे काम करतो. कामाच्या ठिकाणाजवळ खोली घेऊन, मदतीला एक माणूस ठेवून राहावे, अशी त्याची इच्छा होती. "मौलाना, तुम्ही तरी त्याची समजूत घाला," वडील म्हणाले.

मी बराच वेळ वडिलांशीच बोललो. हा जेवतो कसा, याला वुजू कोण करवतो, असे प्रश्न त्याच्यादेखत दुसऱ्याला विचारले. अखेर एकेक शब्द कष्टाने उच्चारत तो म्हणाला, "मौलाना, मला विचारा ना."

मी खजील झालो. मदरशात शिकलेली एक हदीस त्या रात्री मला नव्याने समजली.

हिब्बान बिन मुन्किज (रजि.), काही वर्णनांनुसार त्यांचे वडील, यांच्या डोक्याला जखम होऊन वाचेवर परिणाम झाला होता. व्यापारात लोक त्यांना फसवीत. आप्तांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे विनंती केली की, त्यांच्या व्यवहारांवर बंदी घालावी. प्रेषितांनी (स.) त्यांना स्वतःला बोलावून घेतले आणि व्यापार सोडण्यास सुचविले. व्यापाराविना मला राहवत नाही, असे त्यांनी सांगितले. तेव्हा प्रेषितांनी (स.) बंदी लादली नाही. सौद्याच्या वेळी 'ला खिलाबा', म्हणजे 'फसवणूक नको', असे म्हणण्यास शिकविले आणि खरेदी केलेला माल तीन रात्रींच्या आत परत करण्याची मुभा दिली. 'सहीह मुस्लिम'मधील वर्णनानुसार त्यांच्या तोंडून 'ला खियाबा' असा उच्चार निघे. उच्चार अडखळला तरी अधिकार अबाधित राहिला.

आप्तांची भीती खोटी नव्हती. फसवणूक खरोखरच होत होती. पण संरक्षण म्हणजे निर्णय काढून घेणे नव्हे, तर निर्णय निभावता येईल अशी व्यवस्था करणे, हा या घटनेचा बोध आहे.

शरीअतने माणसाला जबाबदार ठरविण्यासाठी अक्कल आणि बुलूग, म्हणजे समज आणि वयात येणे, या अटी घातल्या. धडधाकट हातपायांची अट घातली नाही. उभे राहता येत नसेल तर बसून, बसता येत नसेल तर कुशीवर नमाज पढावी, अशी सवलत आहे. पण ती नमाज त्याचीच. मुक्या माणसाची समजणारी खूण फिकहने बोलण्याइतकीच ग्राह्य मानली आहे. कयामतच्या दिवशी ज्याला स्वतःच्या आयुष्याचा जाब स्वतःच द्यायचा आहे, त्याच्या आयुष्याची निवड आपण कोणत्या अधिकाराने करतो?

"पण त्याला मदत तर लागतेच," असे म्हटले जाते. मदत कोणाला लागत नाही? प्रवासात मुगीरा बिन शुअबा (रजि.) यांनी प्रेषितांच्या (स.) वुजूसाठी पाणी ओतल्याचे हदीसमध्ये आले आहे. पाणी मुगीरांनी ओतले, वुजू प्रेषितांचाच होता. घास भरविणाऱ्याच्या हाताने जेवणाऱ्याची इच्छा त्याच्या मालकीची होत नाही.

आईवडिलांचा खरा प्रश्न वेगळा असतो: आमच्या पश्चात याचे काय? म्हणूनच त्यांच्या हयातीत सुरुवात व्हावी. सूरह निसामध्ये अनाथांची मालमत्ता त्यांच्या स्वाधीन करण्यापूर्वी त्यांना पारखण्याचा आदेश आहे. संधी दिल्याविना पारख कशी होणार? ज्यांची समजही बाधित आहे, त्यांचे पालकत्व आवश्यकच. पण तेही त्यांच्या कुवतीला वाव देणारे असावे. आपल्या देशाच्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही दिव्यांगांचा मालमत्ता बाळगण्याचा आणि स्वतःचे आर्थिक व्यवहार सांभाळण्याचा हक्क मान्य केला आहे.

त्या तरुणाने तळमजल्यावर खोली घेतली. पहिल्या महिन्यात दोनदा दूध उतू गेले, एकदा तो पडलाही. वडील दर शुक्रवारी भेटायला जातात. आता जाण्यापूर्वी फोन करून विचारतात. आमच्या मशिदीच्या तीन पायऱ्या मात्र अजून तशाच आहेत. तेथे उतार बांधणे हे त्याच्यावरचे उपकार नव्हेत, आमच्यावरचे कर्ज आहे.

अल्लाह आपणास आधार देताना अधिकार न हिरावण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.