परमुलखातलं वजन

पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याला कोइमतूरच्या एका पंपांच्या कारखान्यातून बोलावणं आलं आहे. त्याने संगणकावर तक्ता मांडला: पगार, घरभाडं, शाळेची फी, कामावर जायला लागणारा वेळ, हवा. पाण्याच्या रकान्यात तर ‘सिरुवाणीचं, गोड’ असंही लिहून ठेवलं. बेरीज कोइमतूरच्या बाजूने झुकली. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, “मामा, राज्याची हद्द म्हणजे नकाशावरची रेघ. कुठंही गेलं तरी आपण भारतातच की.” ते वाक्य तेव्हापासून डोक्यात ठसठसतं आहे.

परगावी पगार वाढतो, आईवडील मागे राहतात, भाषा अडते. हे सगळ्यांना ठाऊक आहे, ते उगाळत बसत नाही. मला खुपते ती रेघ.

आमच्या खानापूर-आटपाडी भागाला परराज्य नवं नाही. विट्याच्या आसपासच्या गावांतली माणसं गलाईच्या धंद्यापायी केरळपासून पंजाबपर्यंत पसरली. जुन्या दागिन्यांचं सोनं चांदीबरोबर वितळवायचं, मग नायट्रिक ॲसिडमध्ये उकळायचं. पिवळट तांबूस धूर उठतो, चांदी आणि तांबं विरघळून जातं आणि तळाशी तपकिरी पूड राहते. मातीसारखी दिसणारी ती पूड म्हणजे चोख सोनं. बोळातल्या अंधाऱ्या खोलीत, भट्टीच्या धगीसमोर आमच्याकडच्या कित्येकांचं आयुष्य गेलं. १९७२च्या दुष्काळाने हा ओघ वाढवला, पण तो सुरू झाला होता त्याच्याही आधी. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) शेवटी दुष्काळाने गाव उठतं, ते याच मुलखातलं. तेव्हा कुणी तक्ते मांडले नाहीत. विहीर आटली की ट्रंक उचलायची. राहणंच शक्य नसेल तर जावं की न जावं हा प्रश्न उरत नाही.

भाच्याचं तसं नाही. टेंभू योजनेने कराडजवळ उचललेलं कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने आमच्या माळावर आलं आहे. आजोबांनी सोडलेल्या रानात आज डाळिंब उभं आहे आणि पुण्यातली नोकरीही शाबूत आहे. राहता येत असताना जायचं, तर काय मिळतं याच्याइतकंच काय सुटतं तेही मोजायला हवं.

राज्यघटनेच्या १९व्या कलमाने देशात कुठेही राहण्याचा हक्क दिला आहे, तिथवर भाचा बरोबर आहे. पण १९५६ साली आपण राज्यांची आखणी मुख्यतः भाषेवर केली. त्यामुळे त्या रेघेपलीकडे सरकारी कागदाचीच भाषा बदलते. आपल्याकडे सातबारा, तिकडे पट्टा आणि चिट्टा. शाळेत २००६च्या कायद्याने तमिळ शिकणं सक्तीचं. भाच्याच्या मुलीची दहावी-बारावी तिकडे झाली, तर महाराष्ट्रातल्या वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्याला ती सर्वसाधारणपणे मुकते. आरक्षणाचंही तेच. आंध्रातून मुंबईत आलेल्या एका कुटुंबातल्या मुलाला इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात अनुसूचित जमातीच्या जागेवर प्रवेश हवा होता. मूळ राज्यातली ती सवलत दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली सांगितलं. नुसती रेघ असती, तर ओलांडताना एवढं सांडलं नसतं.

चांगल्या आयुष्यात मला दोन गोष्टी वेगळ्या दिसतात: सोय आणि वजन. रस्ता, दवाखाना, पगार, स्वच्छ हवा ही सोय. नळाला पाणी आलं नाही तर कुणाकडे जायचं हे माहीत असणं, आणि गेल्यावर समोरच्याने ऐकून घेणं, हे वजन. सोय पैशाने मिळते. वजन राहून, बोलून, भांडून कमवावं लागतं. भाच्याच्या तक्त्यात सोयीचे सगळे रकाने आहेत, वजनाचा एकही नाही.

इथे तंजावरची आठवण येते, आणि ती जरा सविस्तर सांगितल्याशिवाय राहवत नाही. व्यंकोजीराजे सतराव्या शतकात तिकडे स्थिरावले. त्यांचे पुत्र शहाजीराजे यांनी तेलुगूत नाटकं रचली, ‘पल्लकी सेवा प्रबंधमु’ हे त्यांपैकी एक. सरफोजीराजांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं आणि १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांच्या वंशाचा इतिहास मराठीत कोरवला. आजही तिकडच्या काही घरांत वेगळ्या वळणाची मराठी बोलली जाते. ते राज्यकर्ते होते. वजन त्यांनी तलवारीने आधीच मिळवलं होतं. तरीही त्यांनी त्या मुलखाची भाषा, संगीत, देवळं आपली मानली. सत्ता हाती असलेल्यांना जे करावंसं वाटलं, ते भट्टी घेऊन गेलेल्यांना किती गरजेचं असेल!

कोइमतूरलाच माझा चुलतभाऊ आहे. त्याचा धंदा उत्तम चालतो, पण कचेरीतलं काम निघालं की तो अजून मध्यस्थ शोधतो. वहिनी मात्र भाजीवालीकडून तमिळ शिकली. पाण्याची वेळ न सांगता बदलली, तेव्हा पदर खोचून वॉर्डाच्या कचेरीत गेली ती तीच. तिथल्या कारकुनाशी अस्खलित तमिळमध्ये भांडताना मी तिला पाहिलं आहे. शेजारच्या चार तमिळ बायका तिच्या मागे उभ्या होत्या आणि बोलत होती ती. परमुलखात वजन मिळतं, ते असं.

२०११च्या जनगणनेत स्थलांतरितांचा आकडा पंचेचाळीस कोटींवर होता. त्यांतले राज्याची हद्द ओलांडलेले फक्त साडेपाच कोटींच्या आसपास. जागा बदलण्याचं सर्वांत मोठं कारण लग्न, म्हणजे जाणाऱ्या मुख्यतः बायका. वहिनीला कुणी विचारलं नव्हतं, तू जातेस का म्हणून. परक्या घरात आपली जागा करायची सवय आपण पिढ्यानपिढ्या मुलींना लावली. भाच्यानेही बायकोला तक्ता दाखवला तो बेरीज झाल्यावर. भाषेचं, शाळेचं, शेजाराचं निम्म्याहून जास्त ओझं जिच्यावर पडणार, ती ठरवताना नव्हती. आधी तिला विचारलं पाहिजे.

वजनाच्या बाजूने बोलायला लागलो तेव्हा मला म्हणायचं होतं, की जा, पण एक पाय गावात ठेव. गलाईवाल्यांनी तेच केलं. गावोगावची देवळं, शाळेच्या खोल्या, तालमी त्यांच्या पैशातून उभ्या राहिल्या, ते ऋण मोठं आहे. पण आता गावात फिरताना कुलपं घातलेले दुमजली बंगले दिसतात आणि आठवतं, की यात्रेला उघडणाऱ्या या घरांची मतं इथल्या यादीत आहेत. कायद्याने मत एकाच ठिकाणी असतं, माणूस खरोखर राहतो तिथे. ते इथे ठेवलं की कोइमतूरच्या वॉर्डात शब्दाला किंमत नाही, आणि इथे टेंभूचं पाणी कुणाला आधी मिळावं हे त्या पाण्यावर न जगणारे ठरवतात. दोन्हीकडे नुकसान.

म्हणून भाच्याला सांगितलं: बायको मनापासून हो म्हणाली तर जा, आणि पुरता जा. तमिळ तू स्वतः शिक, एकट्या तिच्यावर सोडू नकोस. मतदार यादीतलं नाव तिकडे ने. वाट्याचं रान पडीक ठेवू नकोस, कसणाऱ्याला रीतसर दे. घरात मराठी बोल, यात्रेला ये, आईवडिलांची काळजी घे. पण गावचे निर्णय गावात राहणाऱ्यांना घेऊ दे. आणि कोइमतूरच्या गल्लीत काही बिघडलं तर ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणू नकोस. एवढी तयारी नसेल, तर पगार कितीही मोठा असो, तू तिथे भाडेकरूच राहशील.