छायाचित्र आणि साक्ष

श्रम करणाऱ्या मुलाचे छायाचित्र घेणे ही समाजसेवा, की परदुःखाचे प्रदर्शन? हेतू शुद्ध असला म्हणजे झाले, एवढ्याने हा प्रश्न सुटत नाही, असे आम्हांस वाटते.

न दिसण्याची किंमत खानदेशाने मोजली आहे. 1881 च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांस कारखान्यांत मज्जाव केला व बारा वर्षांखालील मुलांचे काम नऊ तासांवर आणिले. परंतु वर्षाकाठी चार महिन्यांहून अधिक न चालणारे कारखाने त्यातून वगळिले. कापसाच्या हंगामापुरते धडधडणारे जिन असे कायद्याच्या दृष्टीआड राहिले. तेव्हा दाखविणे अवश्य आहे, हे उघड आहे.

पण कसे दाखवावे? 1908 पासून अमेरिकेतील नॅशनल चाइल्ड लेबर कमिटीसाठी मुलांची छायाचित्रे घेणारा ल्युइस हाइन काही ना काही बतावणी करून गिरणीत शिरे, मुलाची उंची आपल्या अंगरख्याच्या गुंड्यांवरून अजमावी, आणि वय, काम व तास टिपून ठेवी. चित्राने कळवळा उपजे. टिपणाने त्याची साक्ष होई.

टिपणावाचून चित्र किती मुके असते, ते पाहा. जळगाव वा धुळे जिल्ह्यातील शेतात ओटीत कापूस वेचणारी दहा वर्षांची मुलगी चित्रात दिसली. ती शाळा सुटल्यावर बापाच्या शेतात हात लावीत आहे, की शाळा सोडून परक्याच्या मजुरीस जुंपली आहे? 2016 च्या दुरुस्तीनंतरचा कायदा पहिले चालवून घेतो, दुसरे गुन्हा मानतो. चित्र मात्र दोहोंचे एकच!

शिवाय चेहरा हे त्या मुलीचेच धन होय. संरक्षणाची गरज असलेल्या बालकाचे चित्र प्रसिद्ध करण्यास 2015 च्या बाल न्याय कायद्याने सामान्यतः मनाई केली, ती योग्यच आहे. चेहरा झाकल्यास करुणा ओसरेल, असा आक्षेप येईल. तो खोटा नाही. परंतु जी करुणा मुलीच्या डोळ्यांत पाहिल्यावाचून जागत नाही, ती तिच्या आईची रोजंदारी किती, हे सहसा विचारीत नाही. आणि घरची चूल त्या रोजंदारीवर भागत नसेल, तर मुलीस शेतातून हाकलून तिचे कल्याण कसे व्हावे?

म्हणून छायाचित्रकाराने मुलीचा चेहरा सोडावा, पण शेत, वजनकाटा, मजुरीचा दर आणि कामाची वेळ सोडू नये. चित्र पाहून डोळे पाणावले, पण मालक कोण व दाम किती हे कळलेच नाही, तर वाचकांनी ते चित्र अपुरे समजावे.