पुदिन्याचा दशांश

बेळगाव-निपाणी भागात आपल्या पुष्कळ घरांच्या परसात, न्हाणीच्या सांडपाण्याशेजारी, गवती चहाचे एक तरी बेट असते. युरोपात मेलिसा नावाची, पुदिन्याच्या कुळातील वनस्पती अशीच घरोघरी लावतात. कुळे निराळी, पण दोहोंच्या लिंबासारख्या वासात सिट्रल हे द्रव्य आहे.

गवती चहा लावणे सोपे. मृगाचा पाऊस पडला की जुन्या बेटातून मुळासकट फुटवा काढावा, वरची पाने छाटून तो रोवावा व बुडाशी पाणी साचू देऊ नये. काही वर्षांनी बेट दाटते व मधून वाळू लागते. मग ते फोडून फुटवे शेजाऱ्यांना वाटावेत. म्हणजे देण्याने हे झाड सरत नाही, उलट न दिल्यानेच खराब होते. शब्बाथशाळेत औदार्य शिकविताना आम्ही हे उदाहरण कितीदा तरी दिले आहे. अलीकडे मात्र ते देताना अडखळतो.

निपाणी ही विडीच्या तंबाखूची मोठी पेठ. वखारीत काम करणाऱ्या बायांच्या नाकातोंडात दिवसभर तंबाखूची धूळ जाई. अशी एक बाई खोकत आमच्या दारी येई व म्हणे, "आक्का, चार पाती द्या की." आम्ही आनंदाने देत असू, वर आल्याचा तुकडाही. एकदा तिने मजुरीच्या अर्जावर पाठिंब्याची सही मागितली. वखारीचे मालक ओळखीचे होते. आम्ही म्हणालो, "ह्या भानगडीत आम्हांला नको ओढू, बाई." पाती मात्र त्या दिवशी ओंजळभर दिली. ती घेऊन ती मुकाट्याने गेली व पुन्हा आली नाही.

मत्तय २३:२३ मध्ये प्रभू शास्त्री व परूशी ह्यांना पुदिन्याच्या दशांशावरून दोष देतो. पाला मोजून देण्यात ते चुकत नसत. न्याय, दया व विश्वास मात्र राहून जात. नीट वाचावे: पुदिना देऊ नका, असे प्रभू म्हणत नाही. दोन्ही करा, असे म्हणतो.

तेव्हा आमची पाती वाईट नव्हती. तिच्या घशाला त्यांनी आराम पडत असेल. पण ती शेवटची ओंजळ तिच्यासाठी नव्हती. आमचे मन गप्प करण्यासाठी होती. पाती देऊन आमचे काही जात नव्हते. सही दिली असती तर एक स्नेह गेला असता. जे दिल्याने काही जात नाही ते देऊन, जे दिल्याने जाईल ते आम्ही चुकविले.

निपाणीच्या ह्या कामगार स्त्रियांनी पुढे संघटना उभारली व १९८२ च्या 'तंबाखू चाकिला ऊब आली' ह्या माहितीपटात आपली हकिगत जगापुढे मांडली. आमच्या सहीवाचून त्यांचे अडले नाही. म्हणून आमचे देणे फिटले, असे नव्हे.

शिक्षकहो, मुलांना फुटवा जरूर द्या. पण एवढेही विचारा: उद्या तोच शेजारी पातीऐवजी न्याय मागू लागला, तर आपण दारात उभे राहू की आत जाऊ?