पेरणाऱ्याचा हेतू

बदलीच्या गावी राहणाऱ्या माणसाकडे नातेवाईक सहसा दोनच गोष्टी मागतात : उतरावयास जागा, नाही तर तेथील एखादी प्रसिद्ध वस्तू. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात स्थायिक झालेल्या आमच्या मामेभावाने मात्र गेल्या वर्षी आम्हांकडे सल्ला मागितला, आणि तोही बियाण्यांचा. त्याने तेथे रानालगत थोडी जमीन घेतली आहे. तिच्या एका कडेला हरणांसाठी चारा पेरावा, आणि दुकानातील महाग तयार मिश्रण न घेता बी स्वतःच निवडून मिसळावे, असा त्याचा बेत होता. आम्ही जोधपुरात केंद्र सरकारच्या फायली हलवितो हे खरे. पण वाशीम जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकऱ्याचे चिरंजीव आहोत, आणि पदवीही वनस्पतिशास्त्राची, जिचा नोकरीत आजवर कोणी उपयोग विचारला नव्हता. आम्ही हुरळून गेलो.

काही पुस्तकांतून काढले, काही वडिलांच्या हातचे आठवले, आणि लांबलचक ईमेल लिहिला. पांढरे क्लोव्हर अवश्य घे. ते आपल्या बरसीमचे भावंड, एकदा रुजले की काही वर्षे टिकते आणि जमिनीला नत्र देते. पण त्याचे बी खसखशीसारखे आणि वाटाण्याचे टपोरे. दोन्ही एकत्र करून एकाच खोलीवर टाकशील तर क्लोव्हर गाडले जाईल किंवा वाटाणा उघडा पडेल. म्हणून वाटाणा आधी इंचभर खोल पेर, आणि क्लोव्हर मागाहून वर भुरभुरून नुसते दाब. द्विदल बियांना रायझोबियम लाव, वडील सोयाबीनला गुळाच्या पाण्यातून लावतात तसे. मात्र सोयाबीनचे जिवाणू क्लोव्हरच्या कामाचे नाहीत, ज्याचे त्याला. ओट लवकर उगवतो, पण कडक थंडीत मरतो. राय हे धान्य बर्फाखाली तग धरून वसंतात पुन्हा हिरवे होते. दुकानात रायग्रास नावाचे गवत मिळते, ते निराळे. नावाला भुलू नकोस. जमीन आम्ल असेल तर आधी चुना.

हरणांना काय आवडते हे सांगण्यासाठी मात्र पुस्तक उघडावे लागले नाही. तेथील पांढऱ्या शेपटीचे हरीण आणि कारंज्याकडचे काळवीट या जाती भिन्न. पण द्विदलाच्या कोवळ्या शेंड्याविषयी दोघांचे एकमत आहे. सोयाबीनची नुकती वर आलेली रोपे, हरभऱ्याचे शेंडे, मुगाचा पाला : ही आवड आमच्याच वावरात, आमच्या देखत सिद्ध झाली होती.

भावाचे उत्तर आले. आभार मानून त्याने कळविले की रायचे प्रमाण निम्मे केले आहे आणि सलगमाचे वाढविले आहे. थंडीचा कडाका पडला की सलगमाच्या पानांत साखर वाढते, हरणे तिकडे ओढली जातात, आणि बंदुकीच्या शिकारीचा हंगाम नेमका नोव्हेंबरात असतो.

हा चारा कशासाठी, हे आम्ही विचारलेच नव्हते.

कायद्याचे म्हणाल तर भाऊ निर्दोष आहे. मिनेसोटात मक्याचा ढीग टाकून त्यावर आलेले हरीण मारणे हा गुन्हा. पेरून उगवलेल्या सलगमात चरताना मारणे हा गुन्हा नव्हे. ढीग म्हणजे आमिष, पीक म्हणजे शेती. आमचा जन्म नियमांचे अर्थ लावण्यात चालला आहे, तरी हा भेद प्रथम आम्हांस शब्दच्छल वाटला. पुढे त्यात तथ्य दिसले. ढिगाभोवती तोंडाला तोंड लावून गर्दी होते आणि रोग पसरतो. हरणांचा मेंदू पोखरणारा तेथील असाध्य रोग 1967 मध्ये कोलोरॅडोत प्रथम लक्षात आला, तेव्हापासून ही भीती वाढत आली आहे. पीक विस्तृत असते, महिनोन् महिने उभे असते, मधमाश्या आणि ससेही त्यावर जगतात. शिवाय 1937 च्या तेथील कायद्याने बंदुका-काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीवांच्या रक्षणाकडे वळविला. विसाव्या शतकाच्या आरंभी संपत आलेली ही हरणे आज कोट्यवधी आहेत, त्यात शिकाऱ्याच्या पैशाचा वाटा आहे. ‘‘वर्षभर कळप चरतो, मी परवान्याने एक मारतो,’’ असे भाऊ म्हणतो. हे खोटे नाही.

तरीही आम्हांस वाटते की हेतू पाहावयाचा तर माणसाची भाषणे ऐकू नयेत, त्याची बियाण्यांची यादी पाहावी. पोसणे हाच उद्देश असता तर हिवाळ्याच्या अखेरीस, शेवटच्या बर्फात, जेव्हा हरणे खरोखर उपाशी असतात, त्या दिवसांवर नजर ठेवून बी निवडले असते. बर्फ वितळताच हिरवी होणारी राय निम्मी झाली. नोव्हेंबरात गोड होणारे सलगम वाढले. यादीत तारीख लिहिलेली नव्हती, पण वाचता येत होती. आणि त्या यादीचा अर्धा मसुदा आमचा होता.

आम्ही राहतो तेथून जवळच खेजडली गाव आहे. 1730 मध्ये तेथे खेजडीची झाडे वाचविण्यासाठी 363 बिश्नोई स्त्रीपुरुषांनी प्राण दिले. त्यांच्या शेतांत काळविटे आजही निर्धास्त चरतात. बिश्नोई हरणांसाठी म्हणून काही निवडून पेरीत नाही. बाजरी पेरतो ती स्वतःच्या भाकरीसाठी, आणि त्यातले हरीण खाते ते खाऊ देतो. भावापेक्षा त्याचे दान आम्हांस निर्मळ वाटते, ते याच कारणाने. पण हा निवाडा देताच वडील आठवतात. त्यांच्याही वावरात हरणांनी वर्षानुवर्षे खाल्ले. ते त्यांनी खाऊ दिले नाही, एवढाच फरक. आमच्या तिघांत सर्वांत अधिक हरणे कोणी पोसली असतील तर ती त्यांनी, रात्र-रात्र माळ्यावर जागल करीत, डबा बडवीत, शिव्या देत. त्यांचे पुण्य कोणत्या खात्यावर मांडावे, हे आम्हांस अद्याप सुचलेले नाही. नुकसानभरपाईचा अर्ज तेवढा आम्ही दर साली लिहून देतो.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा भावाच्या सलगमाची हकिगत त्यांना सांगितली. शिकारीचा भाग सांगताना आम्ही अडखळलो; पण त्यांचे लक्ष दुसरीकडेच होते.

‘‘मंग त्याच्या वावरात राखनीले कोन असते?’’

तेथेही झाडावर माळा बांधतात आणि भाऊ स्वतः त्यावर बसतो, असे आम्ही सांगितले.

‘‘म्हंजे तिकडंबी रातभर जागाच लागते म्हना.’’

रात्री नव्हे, दिवसा, आम्ही म्हणालो. रात्री तेथे हरणावर बंदूक चालविण्यास मनाई आहे. वडिलांनी बराच वेळ काही म्हटले नाही. मग बॅटरी घेतली आणि हरभऱ्याकडे निघाले.