गंधाची सवय

पृथ्वीच्या ठायी असलेला पवित्र गंध मीच आहे, असे भगवंतांनी गीतेच्या सातव्या अध्यायात सांगितले आहे. न्याय-वैशेषिकांनीही गंध हा पृथ्वीचा विशेष गुण मानून त्याचे सुरभी व असुरभी असे दोन प्रकार केले. पहिल्या वळवाच्या सरीनंतर भूमीतून जो सुवास सुटतो, त्यात जिओस्मिन नावाचे द्रव्य असते. मातीतील सूक्ष्म जीव ते निर्माण करतात आणि १९६५ मध्ये शास्त्रज्ञांनी ते वेगळे करून त्यास नाव दिले. पाण्याच्या एक लक्ष कोटी भागांत त्याचे पाच-दहा भाग असले, तरी मनुष्याच्या नाकास ते कळते! कनौजचे अत्तरकार मातीचे अत्तर काढीत आले आहेत, ते उगीच नव्हे.

तथापि नाकाचा हिशेब सरळ नाही. गंधद्रव्य दुप्पट केले म्हणजे वासही दुप्पट वाटेल, असे आपण समजतो. जर्मनीच्या फेख्नर यांनी १८६० मध्ये बाह्य वस्तूचे प्रमाण आणि मनास होणारी जाणीव यांचा संबंध गणिताने मांडला. पुढे १९५७ मध्ये हार्वर्डच्या स्टीव्हन्स यांनी त्यात सुधारणा केली. प्रत्येक द्रव्याचे प्रमाण निराळे असले, तरी पुष्कळ गंधांच्या बाबतीत द्रव्य दुप्पट झाले असता वास सुमारे दीडपटच वाटतो. आता हेच उलट करून पाहा. दुर्गंधीचे मूळ अर्धे काढून टाकले, तर दुर्गंधी अर्धी होत नाही. दोन तृतीयांश उरते. ती निम्म्यावर आणावयाची असेल, तर मूळ एक तृतीयांशाहूनही कमी करावे लागते. आठवड्यातून चार दिवस संतापणारा गृहस्थ दोनच दिवस संतापू लागला, तर त्यास वाटते, आपण अर्धे सुधारलो. घरच्यांना काय वाटते, हे त्याने एकदा विचारून पाहावे.

याहून गहन गोष्ट सवयीची आहे. देवघरात उदबत्ती लावून आपण पूजेस बसतो. काही मिनिटांनी तो परिमळ आपणास जाणवेनासा होतो, बाहेरून येणाऱ्यास मात्र उंबरठ्यावरच जाणवतो. गंध संपलेला नसतो, घ्राणेंद्रिय त्यास सरावलेले असते. कोनाड्यात राहिलेल्या कालच्या निर्माल्याचेही तसेच होते.

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणूनच त्यात इथाइल मरकॅप्टन हे उग्र द्रव्य मिसळतात. काही वर्षांपूर्वी आमच्या घरी रबरी नळीस बारीक भेग पडली. सौभाग्यवती ओट्याशी भाजी निवडीत होती, मी शेजारीच प्रवचनाचे टिपण काढीत होतो. विषय, सांगण्यास संकोच वाटतो, आत्मपरीक्षण हा होता! गॅस हळूहळू साचत गेला आणि आमची नाके हळूहळू त्यास सरावत गेली. इतक्यात शेजारच्या काकू ताकाची वाटी मागावयास आल्या आणि दारातूनच ओरडल्या, “अगो बाई, वहिनी, गॅसचा केवढा वास! विजेचं बटण दाबू नका हं!” त्यांनीच खिडक्या उघडल्या, सिलिंडरची कळ बंद केली. सायंकाळची वेळ होती. आणखी थोड्या वेळाने सौभाग्यवतीने देवापुढे निरांजन लावले असते.

त्या रात्री मला झोप आली नाही. ज्या वाणीने मी लोकांस शांती सांगतो, तीच वाणी घरी मुलांशी किती कडवट असते, हे मला कधी जाणवले होते काय? दुसऱ्या दिवशी मी थोरल्या मुलास जवळ बसवून विचारले. तो पुष्कळ वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “बाबा, तुम्ही दारात चपला काढल्या की आम्ही बोलणं थांबवतो.”

नळी त्याच दिवशी बदलली. दुसरे काम अजून चालू आहे. कोणी पाहुणा आला की सौभाग्यवती पाणी देण्यापूर्वी त्यास विचारते, “भाऊजी, घरात कसला वास येतो का हो?” आणि विचारताना माझ्याकडे पाहते.