इंद्रायणीचा तैवानी आजा

पौड रस्त्याने येऊन संध्याकाळी घोटावडे फाट्याला उतरलं की आधी नाकात शिरतो तो लसूण आणि व्हिनेगरचा धूर. लाल रंगाची चायनीजची गाडी, मोठ्या आचेवर खणखणणारी कढई आणि पिरंगुटच्या कारखान्यांतून पाळी संपवून आलेली पोरं. ती खातात चायनीज भेळ: तळलेल्या नूडल्स, उभा चिरलेला कोबी, कांदा आणि वर शेजवान चटणी. ज्या सेचुआन प्रांताचं नाव या चटणीला चिकटलंय, तिथला माणूस हा पदार्थ ओळखणार नाही. तो आपल्या भेळेच्याच घराण्यातला आहे, आडनाव तेवढं बाहेरचं.

फाट्यावरून आत गावाकडे वळलं की भाताची खाचरं दिसू लागतात. मुळशीतल्या खाचरांत आज जिकडेतिकडे इंद्रायणी असतो. पुण्यातली आमच्यासारखी घरं दिवाळीनंतर इथून पोतं आणतात आणि पाहुण्यांना सांगतात, हा मुळशीचा गावरान तांदूळ बरं का. मीही कैक वर्षं असंच सांगत आलो. पण या 'गावरान'ची वंशावळ पाहिली तर गंमत वाटते.

महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या वडगाव मावळ केंद्राने 1987 साली इंद्रायणी दिला. त्याच्या एका बाजूला आहे आंबेमोहर 157, म्हणजे आपल्याच मातीतला, वास घमघमणारा. पण उंच वाढणारा, वाऱ्यापावसात लोळणारा आणि उताऱ्याला कमी. दुसऱ्या बाजूला आहे आयआर-8. हा फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत तयार झाला आणि 1966 साली बाहेर पडला. ती संस्था उभी राहिली फोर्ड आणि रॉकफेलर या अमेरिकी प्रतिष्ठानांच्या पैशावर. आयआर-8 चे आईबाप म्हणजे इंडोनेशियातून आलेला उंच पेटा आणि तैवानचा बुटका डी-जिओ-वू-जेन. भाताचं रोप ठेंगणं ठेवण्याचा गुण या तैवानी वाणाचा. खत दिलं तरी ताट माजत नाही, दाणा भरला तरी आडवं पडत नाही. थोडक्यात, आपल्या इंद्रायणीचा आजा तैवानचा.

फाट्यावरच्या गाडीवर चीनचं नाव आहे आणि चीन जवळजवळ नाही. खाचरात तैवान आहे आणि त्याचं नाव कोणाच्या गावी नाही. परक्या प्रभावाविषयी आपण जे बोलतो, त्यात बहुतेक वेळा पाटी वाचली जाते, माल तपासला जात नाही.

लागवडीच्या रीतीचंही तेच. 1953 साली, पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळात, 'जपानी पद्धतीची भातशेती' ही देशभरची मोहीम होती. बोरिवलीच्या कोरा केंद्रात तिचे प्रयोग झाले होते. गादीवाफ्यावर कमी बियाण्यात सशक्त रोपं करायची, ओळीत लावायची, मधून कोळपणी करायची, खत भरपूर द्यायचं. आपल्याकडे त्याआधी राब भाजायची चाल. शेण, पाला, काट्याकुट्या पसरून जमीन भाजायची आणि मग बी फेकायचं. राब भाजल्याशिवाय रोप धरत नाही असं ठामपणे सांगणारी म्हातारी माणसं अजून भेटतात, आणि त्यांचं सगळंच चुकीचं नसतं. भाजल्याने तण मरतं. पण गादीवाफा टिकला तो मात्र 'जपानी' हे विशेषण गाळून. आज ती नुसती सुधारित पद्धत आहे.

लोकांचा राग मात्र पाटीवरच निघतो. 1987 साली, म्हणजे इंद्रायणी आला त्याच वर्षी, अमेरिकी काँग्रेसच्या काही सदस्यांनी वॉशिंग्टनला कॅपिटॉलसमोर तोशिबाचा रेडिओ घणाने फोडला. तोशिबाच्या एका उपकंपनीने सोव्हिएत संघाला विकलेल्या यंत्रांवरून ते रामायण घडलं होतं. अमेरिकी घरांतले जपानी टीव्ही आणि रस्त्यांवरच्या जपानी गाड्या तशाच राहिल्या. आपल्याकडे 2020 च्या जूनमध्ये गलवानला चिनी सैन्याशी झालेल्या चकमकीनंतर चिनी टीव्ही फुटले आणि 59 चिनी ॲप बंद झाली.

त्याच दिवसांत तळेगावला जे झालं ते मला जास्त बोलकं वाटतं. तिथला मोटारींचा कारखाना 2008 साली अमेरिकेच्या जनरल मोटर्सने सुरू केला. 2017 मध्ये कंपनीने भारतात गाड्या विकणं थांबवलं. निर्यातीसाठीचं उत्पादन चालू राहिलं. मग चीनची ग्रेट वॉल मोटर तो घेणार असं ठरलं. 15 जून 2020 ला महाराष्ट्र सरकारशी तिचा सामंजस्य करार झाला आणि त्याच रात्री गलवानमध्ये आपले जवान धारातीर्थी पडले. करार लोंबकळत राहिला. डिसेंबरमध्ये उत्पादन थांबलं, 2022 मध्ये ग्रेट वॉलने नाद सोडला, 2023 मध्ये कोरियाच्या ह्युंदाईने कारखान्यासाठी करार केला. तिन्ही झेंडे एकाच आवारावर फडकले किंवा फडकता फडकता राहिले. हजाराहून जास्त कायम कामगारांची कामं मात्र मधल्या मध्ये गेली, आणि त्यांना कोणत्या झेंड्याखाली राबायचं आहे हे कोणी विचारलं नव्हतं.

पिरंगुटच्या कारखान्यात काम करणारा एक ओळखीचा मुलगा घरीही 'कायझेन' म्हणतो. या महिन्याचं कायझेन दिलंस का, हे तिथे हजेरीइतकंच रोजचं. शब्द जपानी, अर्थ सततची छोटी छोटी सुधारणा, पण त्यामागच्या विचाराचा प्रवास वाकडातिकडा आहे. अमेरिकेच्या डेमिंग यांनी 1950 साली जपानी अभियंत्यांना गुणवत्ता राखण्याचे धडे दिले. 1984 साली टोयोटाने कॅलिफोर्नियात फ्रीमाँटच्या बंद पडलेल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात, त्याच कंपनीशी भागीदारी करून, आपली कामाची रीत अमेरिकी कामगारांना शिकवली. त्यात त्या धड्यांचाही वाटा होता. हे ऐकून तो मुलगा म्हणाला, "असू द्या हो. माझ्या सूचनेने कंपनीचे पैसे वाचले, मला एक प्रमाणपत्र मिळालं."

त्याचा हिशेब मला आमच्या सगळ्या चर्चांपेक्षा नेमका वाटतो. वस्तू पूर्वेची की पश्चिमेची हा प्रश्न त्याने विचारलाच नाही. फायदा कोणाला आणि शब्द कोणाचा चालतो, एवढंच त्याने पाहिलं. मुळशीला हा प्रश्न जुना आहे. 1921 साली इथले मावळे सेनापती बापटांच्या मागे धरणाविरुद्धच्या सत्याग्रहाला उभे राहिले ते परक्या कंपनीविरुद्ध नव्हे. धरण टाटांचं होतं, वीज मुंबईला जायची होती, भांडवल स्वदेशी म्हणून मिरवत होतं. पाण्याखाली गेली ती आंबेमोहराची खाचरं. स्वदेशी हा शब्द त्यांच्या उपयोगी पडला नाही.

इंद्रायणीत हे वेगळं का घडलं? वडगावच्या केंद्राने परका बुटकेपणा घेतला, वास आपला ठेवला. निवड करणारे इथलेच होते, सरकारी पगारावर होते आणि कोणत्या गिऱ्हाइकाला कोणता भात लागतो हे त्यांना ठाऊक होतं. वाण सरळ असल्याने शेतकरी आपलंच बी राखून पुढच्या वर्षी पेरू शकतो. याची किंमतही पडली. आंबेमोहराला भौगोलिक मानांकन मिळालं खरं, पण मुळशीत तो आता थोड्याच खाचरांत उरलाय. आजा घरात आला आणि आईची खोली लहान झाली, असं काहीसं.

गेल्या दिवाळीनंतर पोतं आणायला गेलो तेव्हा तांदूळ देणाऱ्या मावशींना मी ही वंशावळ सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली, पोत्याचं तोंड शिवलं आणि म्हणाल्या, "तैवानचा असू दे, नाहीतर कुठलाही. वरल्या दोन खाचरांत आम्ही अजून आंबेमोहरच लावतो. तो विकत नाही. तो घरच्यापुरता."