गोचिडाची साक्ष

नवा साप घरात आला की आधी त्याला तपासायचं, याबद्दल साप पाळणाऱ्यांत सहसा दुमत नसतं. त्याला पांढऱ्या किचन टॉवेलवर ठेवायचं. हनुवटीखालची खाच, डोळ्यांभोवतीची कड आणि शेपटीच्या सुरुवातीला मलद्वारावरचा खवला नीट बघायचा. ओल्या टिश्यूने अंग पुसायचं. टिश्यूवर मिरपुडीसारखे काळे ठिपके आले आणि ते चालायला लागले, तर ते माइट, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे. पाण्याच्या भांड्याच्या तळाशीही बघायचं, कारण बुडून मेलेले माइट तिथे सापडतात. मग विष्ठेचा नमुना व्हेटकडे द्यायचा आणि निदान तीन महिने नव्या सापाला जुन्यापासून वेगळ्या खोलीत ठेवायचं.

एवढं सगळं आपण नेमकं कोणासाठी करतो, हा प्रश्न मात्र कोणी फारसा विचारत नाही.

मी शिकागोजवळ राहते. इथे दुकानांत आणि रेप्टाइल एक्स्पोमध्ये बॉल पायथनची पिल्लं दह्याच्या डब्यासारख्या प्लास्टिकच्या डब्यांत ठेवून विकतात. (भारतात देशी साप पाळायला 1972च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. बॉल पायथनसारख्या परदेशी प्राण्यांची सरकारी पोर्टलवर नोंदणी करावी लागते, त्याचे नियम 2024 मध्ये आले.) घाबरला की हा साप डोकं आत घेऊन चेंडूसारखा गुंडाळून बसतो, म्हणून बॉल पायथन. म्हणजे त्याचं नावच त्याच्या भीतीवरून पडलं आहे. त्याला हाताळायला सोपा, शांत साप म्हणून विकतात, हे मला नेहमी जरा क्रूर वाटत आलं आहे.

माझ्या नव्या बॉल पायथनच्या अंगावर माइट नव्हते, गोचीड होतं. पोटाच्या कडेला एक खवला किंचित उचललेला दिसला. त्याच्याखाली ते चपटं, तपकिरी गोचीड तोंड रुतवून बसलं होतं. चिमट्याने त्वचेच्या अगदी जवळ धरून सरळ ओढलं, स्पिरिटच्या बाटलीत टाकलं. दोन मिनिटांचं काम. व्हेटनी बाटली बघितली आणि हे आफ्रिकेतलं आहे, असं सांगितलं. डब्यावरच्या लेबलावर मात्र ‘कॅप्टिव्ह ब्रेड’ लिहिलेलं होतं, म्हणजे कुणाच्या तरी घरात पाळलेल्या नर-मादीपासून जन्मलेला.

बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. घाना, टोगो, बेनिन या देशांतून तो निर्यात होतो. तिथे जंगलातून किंवा शेतांतल्या बिळांतून अंडी आणि गाभण माद्या गोळा करतात, फार्मवर पिल्लं बाहेर काढतात आणि परदेशी पाठवतात. अशा पिल्लाला ‘कॅप्टिव्ह हॅच्ड’ म्हणतात. शब्द बदलला की वाटतं, फरक किरकोळ आहे. प्रत्यक्षात एका शब्दामागे कुणाच्या तरी घरातला टब असतो आणि दुसऱ्यामागे खणलेलं बीळ. घरात जन्मलेल्या सापावर आफ्रिकी गोचीड येण्याचं सहसा काही कारण नसतं. दुकानात शेजारच्या सापावरून चढलं असेल, असं म्हणता येतं, पण मग तो शेजारचा कुठून आला? लेबल खोटं बोलू शकतं. त्या बिचाऱ्या गोचिडाला तसं काही जमत नाही. पासपोर्टवर शिक्का असावा तसं ते बसून असतं.

तपासणीत जे सापडतं ते फक्त आरोग्याबद्दल नसतं, हे मला तेव्हा कळलं. गोचीड काढल्यावर सापाचं काम झालं होतं. माझं सुरू झालं होतं.

विक्रेत्याला फोन केला, तर तो अजिबात भांडला नाही. ‘आणून द्या, दुसरा देतो,’ म्हणाला. इथे बरेच विक्रेते परत करण्यासाठी काही दिवसांची मुदत देतात आणि तपासणी त्या मुदतीत उरकून घ्यावी, असा सल्ला सगळे देतात. सल्ला व्यवहाराला धरूनच आहे. पण मुदतीच्या आत केलेली तपासणी सापासाठी नसते. ती पावतीसाठी असते. आपण टॉर्च मारून त्याच्या खवल्यांखाली बघतो ते तो बरा व्हावा म्हणून, की तो सदोष निघाला तर बदलून घेता यावा म्हणून? हात तेच, टिश्यू तीच. सापाच्या दृष्टीने दोन्ही सारखंच, एका मोठ्या प्राण्याने धरून ठेवणं. फरक फक्त माझ्या बाजूला आहे, म्हणूनच तो मला टाळता येत नाही.

विष्ठेच्या तपासणीत तर हे आणखी अवघड होतं. जंतांची अंडी प्रत्येक वेळी बाहेर पडतातच असं नाही, म्हणून एका स्वच्छ रिपोर्टवर भरवसा ठेवता येत नाही, दोन-तीन नमुने लागतात. उलटही होतं. सापाने खाल्लेल्या उंदराच्या पोटातल्या जंतांची अंडी सापाच्या विष्ठेतून तशीच बाहेर येतात आणि निष्पाप सापावर औषधाची वेळ येते. पण खरी भीती क्रिप्टोस्पोरिडियमची. हा सूक्ष्म परजीवी सापाच्या जठराच्या भिंती जाड करतो, साप खाल्लेलं उलटून टाकतो, हळूहळू वाळत जातो. खात्रीचा इलाज नाही. घरात दुसरे साप असतील तर अनेक व्हेट आजारी सापाला मरण देण्याचा सल्ला देतात. माझ्याकडे जुना कॉर्न स्नेक आहे. त्याच्यासाठी नव्याला मारायचं? आणि विक्रेत्याला परत केला, तर तो त्याचं काय करेल, हे न विचारणं म्हणजेच ठरवणं नाही का?

माझं मत असं की रिपोर्ट यायच्या आधी उत्तर ठरवलेलं असावं. काय निघालं तर काय करायचं, हे ज्याने ठरवलेलं नाही, त्याने नमुना द्यायची घाई करू नये.

परजीवीला आपण खलनायक मानतो, तेही तपासून बघायला हवं. सापावरच्या माइटची मादी आयुष्यात 60 ते 80 अंडी घालते आणि उबदार जागी अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला दोन-तीन आठवडे पुरतात. मोकळ्या रानात साप पुढे निघून जातो, कात टाकतो आणि बऱ्याच अंड्यांना यजमानच मिळत नाही. टबमध्ये तो कुठे जाणार? तीच ऊब, तीच कात, तेच अंग रोज हाताशी. रानात चार माइट असतील तिथे टबमध्ये चारशे होतात, याला माइटपेक्षा टब जास्त जबाबदार. म्हणजे मी.

ही गोष्ट टबापुरती राहत नाही. फ्लोरिडात पाळण्यासाठी आणलेले, मग सोडलेले किंवा निसटलेले बर्मी अजगर एव्हरग्लेड्समध्ये पसरले. त्यांच्या फुप्फुसात राहणारा एक आशियाई परजीवी तिथल्या स्थानिक सापांमध्ये शिरला. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात स्थानिक सापांमधला संसर्ग अजगरांपेक्षा जास्त असल्याचं आढळलं. अजगर आणि तो परजीवी फार जुने सोबती. स्थानिक सापांची तशी ओळखच नव्हती. त्याआधी 2000 साली अमेरिकेने तीन जातींच्या आफ्रिकी कासवांची आयात बंद केली होती, कारण गुरांना मारणारा ‘हार्टवॉटर’ हा रोग पसरवू शकणारी गोचिडं त्यांच्यावरून येत होती. कुणाच्या तरी हौसेची किंमत कुठल्या तरी दलदलीतल्या सापाने आणि कुणाच्या तरी गाईने मोजायची, असा हा हिशोब आहे. त्या हौशी माणसांपैकी बहुतेकांनी आपापल्या प्राण्यावर प्रेमच केलं असणार.

मी साप परत केला नाही. यात मोठेपणा नाही. ठेवून घेतला तरी पैसे पोचलेच आणि टोगोतलं पुढचं बीळ खणायला तेवढं कारण मिळालंच. परत केला असता तर तो कुणा दुसऱ्याकडे गेला असता, गोचिडाशिवाय, त्याच लेबलासह. माझ्याकडे निदान बाटली आहे. पुढे कधी कुणाला हा साप द्यायची वेळ आली, तर ती बाटलीही सोबत जाईल.

सध्या तो मागच्या खोलीत आहे. टबमध्ये माती नाही, पालापाचोळा नाही, फक्त पांढरा कागद, लपायला एक पुठ्ठ्याचं खोकं आणि पाण्याचं भांडं. पांढरा कागद त्याच्या सोयीचा नाही, माझ्या डोळ्यांच्या सोयीचा आहे. मी आधी कॉर्न स्नेकचं सगळं उरकते, मग त्याच्याकडे जाते. त्याचा चिमटा वेगळा. दोन नमुने स्वच्छ आलेत. तिसऱ्यासाठी थांबले आहे, आणि बॉल पायथन या बाबतीत कुणाचीच घाई मनावर घेत नाही.